नाट्यसंगीत ऐकायला कुठून सुरुवात करावी?

नाट्यसंगीत ऐकायला घेणारा नवा श्रोता बहुतेकदा एकाच जागी अडकतो. ‘सर्वोत्तम पन्नास नाट्यगीतं’ छापाची एखादी लांबलचक यादी तो लावतो. आवाज गोड असतात, ताना थक्क करतात, आणि पाचव्या-सहाव्या पदापर्यंत सगळं सारखंच वाटायला लागतं. यात त्याच्या कानाचा काही दोष नाही. ही पदं मुळात एकापाठोपाठ ऐकण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. नाटकात कुणीतरी कुणाची तरी समजूत काढत असतं, कुणी रुसलेलं असतं, कुणी वेषांतर करून समोरच्याला खेळवत असतं; बोलणं अपुरं पडलं की ते पात्र गायला लागतं. कोण गातंय, कुणाला उद्देशून आणि कशासाठी, एवढं कळलं की तेच पद एकदम वेगळं ऐकू येतं.

‘एकच प्याला’मधलं ‘कशि या त्यजू पदाला’ घ्या. नुसतं ऐकलं तर देवाच्या पायांवर डोकं ठेवून म्हटलेली प्रार्थना वाटेल, कारण शब्दही तसेच आहेत. नाटकात मात्र हे सिंधू म्हणते. नवरा दारूपायी संसार धुळीला मिळवतोय, माहेरची माणसं तिला न्यायला आली आहेत, आणि ती जायला नकार देतेय. हे माहीत असलेल्या आजच्या श्रोत्याला त्या गोड चालीत थोडी भीतीही ऐकू येते. सिंधूचं वागणं पटावं असा आग्रह नाही. मला स्वतःला ते पटत नाही. पद मात्र त्या न पटण्यासकट जास्त चांगलं ऐकू येतं.

खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. काही मोठ्या आहेत, काही दोन ओळींत उरकणाऱ्या.

पायरी १ : उलट्या क्रमाने जा

इतिहास १८८० पासून सुरू होतो, म्हणून ऐकणंही तिथूनच सुरू करायला हवं असं काही नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ त्या वर्षी पुण्यात रंगभूमीवर आलं आणि पाठोपाठ १८८२ मध्ये ‘सौभद्र’. पण त्या काळची भाषा आणि आजचा कान यांच्यात बरंच अंतर पडलंय. म्हणून आधी १९६० च्या दशकात उतरा.

तिथे तीन नाटकं पुरेशी आहेत, आणि तिन्हींचं संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं आहे : वसंत कानेटकरांचं ‘मत्स्यगंधा’ (१९६४), वि. वा. शिरवाडकरांचं ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) आणि पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७). अभिषेकींनी पदं आटोपशीर केली. तासभर रंगणाऱ्या गाण्याची हौस त्यांनी आवरली आणि शब्द ऐकू येतील एवढी जागा ठेवली. ध्वनिमुद्रणंही स्वच्छ आहेत. ‘गुंतता हृदय हे’, ‘अर्थशून्य भासे मज’, ‘हे सुरांनो चंद्र व्हा’, ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’, ‘घेई छंद मकरंद’ एवढी पाच पदं आठवडाभर ऐका. रामदास कामत, आशालता वाबगावकर आणि वसंतराव देशपांडे या तीन गळ्यांची ओळख एवढ्यात सहज होऊन जाते.

याच दशकात विद्याधर गोखल्यांची नाटकंही जोरात होती. ‘पंडितराज जगन्नाथ’ला (१९६०) वसंत देसाईंचं संगीत आहे; ‘मंदारमाला’ (१९६३) राम मराठ्यांच्या गाण्यावर उभं राहिलं. ज्यांना भरपूर तानबाजी आवडते त्यांनी इथून शिरायला हरकत नाही. ‘जय शंकरा गंगाधरा’ ऐकून खुर्चीत नीट सावरून बसला नाहीत, तर नाट्यसंगीताची ही धाटणी आपली नव्हे असं समजा आणि पुढे चला.

पायरी २ : पद लावण्याआधी प्रसंग वाचा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. कंटाळवाणी वाटते म्हणून. पण खरं तर दहा मिनिटांचं काम आहे. जुन्या संगीत नाटकांच्या संहिता छापील मिळतात, बऱ्याच आंतरजालावरही सापडतात. अख्खं नाटक वाचायची गरज नाही. पद शोधा, त्याच्या आधीचं आणि नंतरचं पान वाचा.

‘सौभद्र’चंच बघा. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादाला मात्र तिच्यासाठी नवरा म्हणून दुर्योधन हवा, आणि कृष्ण सगळ्यांच्या नकळत सूत्रं हलवतोय. अर्जुन संन्याशाच्या वेषात येऊन बसतो. म्हणजे कथा महाभारतातली असली तरी हा चक्क घरगुती लग्नाचा घोळ आहे. ‘वद जाऊ कुणाला शरण’ ही सुभद्रेची कोंडी : सगळं घर आपलंच, तरी सांगायचं कुणाला? आणि ‘नच सुंदरि करू कोपा’ म्हणजे रुसलेल्या रुक्मिणीपुढे कृष्णाची मनधरणी. त्यात खट्याळपणा हवा. गंभीर चेहऱ्याने, हात जोडून गायलेलं ‘नच सुंदरि’ मी तरी पूर्ण ऐकत नाही.

‘मानापमान’मध्ये (१९११) हा खेळ आणखी पुढे जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची भामिनी श्रीमंताघरची. धैर्यधर शूर आहे पण गरीब, म्हणून ती त्याला नाकारते. मग स्वतःच गरीब मुलीचा वेष घेऊन त्याच्याजवळ जाते आणि हळूहळू त्याच्या प्रेमात पडते. आता ‘नाही मी बोलत नाथा’ ऐका. प्रेमाचा लटका रुसवा तर त्यात आहेच, पण गाणारी स्वतःची ओळख लपवून गातेय. ‘युवती मना दारुण रण’ लढाईबद्दल आहे असं वाटतं, आणि असतं ते प्रेमात पडलेल्या मुलीच्या बदललेल्या नजरेबद्दल.

देवलांची नाटकं या बाबतीत फार सोपी. ‘शारदा’ (१८९९) हे म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या लग्नावरचं नाटक. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ या पदातली थट्टा सव्वाशे वर्षांनंतरही कुणी समजावून द्यावी लागत नाही. त्याच नाटकातलं ‘मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली’ लगेच पाठोपाठ ऐका. विनोद आणि दहशत एकाच घरात कशी नांदते, ते कळेल.

कधी प्रसंग नाटकाबाहेरचाही असतो. ‘रणदुंदुभि’मधलं (१९२७) ‘परवशता पाश दैवे’ हे पारतंत्र्याबद्दल आहे, आणि त्या वेळी थिएटरात बसलेला प्रत्येक जण इंग्रजांच्या राज्यात राहत होता. ‘शतजन्म शोधिताना’ आणि ‘मर्मबंधातली ठेव ही’ ही ‘संन्यस्त खड्ग’ची (१९३१) पदं विनायक दामोदर सावरकरांची. मास्टर दीनानाथांची आक्रमक, झेप घेणारी गायकी या नाटकांना का शोभली, ते हे माहीत असलं की उमजतं.

पायरी ३ : शब्द सुटे करा

जुन्या पदांत कर्ता एका टोकाला असतो, क्रियापद दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये संस्कृत समासांची दाटी. शाळेत श्लोकांचा अन्वय लावायचो तसा कागदावर लावा : ‘युवती मना दारुण रण रुचिर प्रेमसे झाले’ म्हणजे ‘प्रेमामुळे तरुणीच्या मनाला भयंकर रणही सुंदर वाटू लागलं’. एवढंच. पहिली दोन-चार पदं वेळ खातात. मग ‘मम’, ‘नच’, ‘गमला’, ‘खल’ यांची सवय होते.

पदांचे शब्द, नाटक, गीतकार, संगीतकार, राग ही माहिती ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर एकत्र मिळते. गाणं ऐकताना ते पान समोर असू द्या. छापील संहितेत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि बऱ्याचदा ‘चाल’ असंही दिलेलं असतं. म्हणजे हे पद आधीच्या कुठल्या बंदिशीवर, ठुमरीवर किंवा लावणीवर बेतलंय त्याची नोंद. संगीत नाटकाने चाली दहा दिशांनी आणल्या आणि त्या लपवल्याही नाहीत. साकी, दिंडी, कामदा असे शब्द दिसले तर ते छोट्या छंदांचे प्रकार समजा. त्यांत कथा पुढे सरकते. ताना नसतात, आणि म्हणून ध्वनिमुद्रणंही कमी सापडतात.

आणखी एक घोळ आधीच सोडवून ठेवावा. नाटककार आणि पदकार दर वेळी एकच असतो असं नाही. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. ‘एकच प्याला’ त्यानंतर रंगभूमीवर आलं आणि त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गडकऱ्यांची म्हणून ती सर्रास सांगितली जातात.

पायरी ४ : एकच पद वेगवेगळ्या गळ्यांतून ऐका

इथे खरी गंमत सुरू होते. नाट्यपदाचा आराखडा ठरलेला असतो, बाकी गायकाचं. ‘स्वयंवर’मधलं (१९१६) ‘नाथ हा माझा’ बालगंधर्वांचं ऐका, मग नंतरच्या पिढीतल्या एखाद्या गायिकेचं. चाल तीच, भास्करबुवा बखल्यांची. बालगंधर्वांचे आलाप छोटे असतात, शब्दाला बिलगून येतात आणि शब्द पोचवून परत जातात. ‘माझा’ या एका शब्दावर ते काय करतात तेवढंच आधी धरा. रुक्मिणी कृष्णावर हक्क सांगतेय, आणि तो हक्क त्या शब्दातूनच यायला हवा.

आता दुसरं टोक. ‘रवि मी’ वसंतराव देशपांड्यांचं ऐका. दीनानाथांच्या गायकीचं त्यांना किती वेड होतं ते लपत नाही : सूर अंगावर येतात, एकदम वर फेकले जातात, अनपेक्षित जागी उतरतात. गंधर्व ढंग आणि दीनानाथ ढंग हे दोन काठ एकदा ओळखता आले की मधले बहुतेक गायक कुठे उभे आहेत ते सांगता येतं. छोटा गंधर्व मला त्या दोहोंच्या मध्ये, पण काठावर रेलून मजा बघत बसल्यासारखे वाटतात. त्यांच्या कृष्णाच्या पदांत जो मिश्कीलपणा आहे तो इतरत्र क्वचितच मिळतो.

गळ्यांची ही तुलना ‘कट्यार’च्या लेखकाने नाटकातच घालून ठेवली आहे. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच काव्य तिथे दोन चालींत येतं : नाटकातल्या दोन प्रतिस्पर्धी गायकांपैकी एक पंडितजींच्या गायकीची, दुसरी खाँसाहेबांची. शब्द तेच, पण भुंगा एकीकडे फुलावर निवांत बसतो आणि दुसरीकडे बागभर भिरभिरतो. दोन घराणी म्हणजे काय, हे पुस्तक न उघडता समजून घ्यायचं असेल तर यापरता सोपा धडा नाही. दोन्ही पाठोपाठ लावा.

पायरी ५ : खरखरीला घाबरू नका

जुन्या तबकड्यांवर एका बाजूला सुमारे तीन-साडेतीन मिनिटंच मावत. थिएटरात वन्समोअर घेत पाव-पाव तास चालणारं पद तेवढ्यात बसवायचं म्हणजे लय वाढवायची आणि विस्तार कापायचा. म्हणून बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका घाईत गायल्यासारख्या वाटतात. त्यांवरून प्रयोगाचा अंदाज बांधू नये. कान खरखरीला सरावला की साथीकडेही लक्ष द्या. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, यावरून त्या कंपनीची ऐपत आणि हौस दोन्ही कळतात.

आणि हो, तो आवाज पुरुषाचा आहे. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) स्त्रीभूमिका करत, आणि भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिका त्यांच्या गळ्यातूनच लोकांच्या मनात बसल्या. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी आणि केशवराव भोसल्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका रंगमंचावर! त्याच वर्षी केशवराव गेले.

स्त्रियांनीच स्त्रीभूमिका करायच्या हे रुळल्यावर पदाचा पोतही बदलला. ज्योत्स्ना भोळ्यांचं ‘कुलवधू’मधलं (१९४२) ‘बोला अमृत बोला’ ऐका. मास्टर कृष्णरावांची चाल, भैरवी, आणि गाण्यात कुठेही कसरत नाही.

पायरी ६ : रागाचं फार मनावर घेऊ नका

राग ओळखता येत नाही म्हणून नाट्यसंगीत सोडून देणारे लोक आहेत. उलट, राग ओळखायला लागायचं तर हीच सोपी वाट. ‘नाथ हा माझा’ यमन, ‘मम आत्मा गमला’ बिहाग, ‘मर्मबंधातली ठेव ही’ पटदीप, ‘मृगनयना रसिकमोहिनी’ दरबारी, ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ चारुकेशी. एवढी पाच पक्की करा. नंतर कुठे पटदीप लागला तर आपोआप ‘मर्मबंधातली’ गुणगुणाल.

पायरी ७ : चित्रपटातून आलात तर

आज बहुतेकांची ओळख चित्रपटातूनच होते, आणि त्यात कमीपणा काही नाही. ही ये-जा पहिल्यापासूनची आहे. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार होते, शिवाय पडद्यावर हरिश्चंद्रही तेच. मास्टर कृष्णराव प्रभात फिल्म कंपनीच्या बोलपटांकडे गेले, तर वसंत देसाई चित्रपटांतून नाटकाकडे आले.

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, चित्रपटात जुनं आणि नवं मिसळलेलं असतं. २०१५ च्या ‘कट्यार’मध्ये ‘सुरत पिया की’, ‘घेई छंद’ ही नाटकातली. ‘सूर निरागस हो’, ‘अरुणि किरणि’ ही शंकर-एहसान-लॉय यांची नवी. महेश काळे यांना ‘अरुणि किरणि’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ते पद मूळ नाटकात शोधत बसाल तर सापडणार नाही. दोन, पडद्यावर गाणारा वेगळा आणि दिसणारा वेगळा. २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये चेहरा सुबोध भाव्यांचा, गळा आनंद भाट्यांचा, आणि गळ्यालाही राष्ट्रीय पुरस्कार. नाटकात ही सोय नाही. तिथे गायक दमला तर पात्रही दमतं.

चित्रपटातून येणाऱ्यांसाठी माझा सोपा मार्ग असा : आवडलेलं एक पद धरा, तेच मूळ संचातल्या गायकाकडून ऐका, मग त्या नाटकातली उरलेली पदं. ‘सुरत पिया की’ राहुल देशपांड्यांकडून आजोबा वसंतरावांकडे घेऊन जातं, ही तर घरातल्या घरातली वाट झाली.

गाण्यांनीच कथा पुढे नेणारा मराठी चित्रपट बघायचा असेल तर ‘जैत रे जैत’ (१९७७) चुकवू नका. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांचे शब्द. ते नाट्यसंगीत नव्हे. तरी कोण, कुणाला, का या प्रश्नाला त्यातलं जवळजवळ प्रत्येक गाणं उत्तर देतं.

पायरी ८ : आपली यादी करा

दहा पदं पुरेत. ‘आवडलं’ एवढंच न लिहिता प्रत्येकापुढे तीन रकाने ठेवा : प्रसंग, ऐकलेले गायक, आणि त्यातली एक जागा. ही जागा म्हणजे एखादी मुरकी असेल, एका शब्दावर घेतलेला ठहराव असेल, ऑर्गनने गायकाला दिलेलं उत्तर असेल. जागा सांगता येत नसेल तर पद अजून नीट ऐकलेलं नाही. यादीतून काढू नका, खाली सरकवा. एकाच नाटकातली तीनपेक्षा जास्त पदं घेऊ नका, नाहीतर सगळी ‘स्वयंवर’चीच होतील.

पायरी ९ : प्रयोगाला जा

संगीत नाटकं आता रोज लागत नाहीत. राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांचा स्वतंत्र विभाग असतो, तिथे हौशी संस्था ‘सौभद्र’पासून नव्या संहितांपर्यंत सगळं करतात. पुण्याचं भरत नाट्य मंदिर आणि गिरगावातलं साहित्य संघ मंदिर इथल्या जाहिरातींवर नजर ठेवा. नव्यांपैकी ‘संगीत देवबाभळी’चा (२०१७) प्रयोग कुठे लागला तर आधी तिथे जा : आवली आणि रखुमाई अशा दोघीच, आणि गाणं त्यांच्या भांडणातून, कामातून येतं. तिथे पूर्वतयारी लागत नाही.

पहिलं जुनं नाटक निवडायचं झालं तर ‘संशयकल्लोळ’ किंवा ‘सौभद्र’. दोन्ही विनोदी आहेत, त्यामुळे एखादं पद डोक्यावरून गेलं तरी संध्याकाळ वाया जात नाही. प्रयोग पूर्वी रात्र-रात्र चालत. आता तीनेक तासांत आटोपतात आणि पदं गाळलेली असतात. कुठली गाळलीत ते आधी विचारता आलं तर विचारा. पुढच्या रांगांत, ऑर्गन-तबला ज्या बाजूला असतो तिकडची खुर्ची घ्या, म्हणजे गायक साथीदाराला डोळ्यांनी काय खुणावतो तेही दिसतं. नांदीला, म्हणजे सुरुवातीच्या स्तवनाला, जागेवर असा, उशीर करू नका. शेजारचे आजोबा पदाच्या मध्येच ‘वाह’ म्हणाले तर वळून बघू नका. थोड्या वेळाने तुम्हीही म्हणाल. वन्समोअर मात्र जपून द्या, विशेषतः दुसऱ्या अंकात, कारण तिसऱ्या अंकातली पदं त्याच गळ्याला म्हणायची असतात.